दिव्यांगत्वामुळे नोकरीत भेदभाव झाला आणि वकील परवडत नसेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कामगारांनी कुठे जायचं?

चंद्रपूरहून ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुर्गापूरला लागून ऊर्जानगर आहे. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. १९८३ मध्ये इथला पहिला संच सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आजूबाजूला कोळसा खाणी आहेत आणि पलीकडे जंगल. इथल्या हजारो घरांची चूल वीज केंद्र, खाण किंवा या दोन्हींना माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदारांच्या भरवशावर पेटते.

अशा ठिकाणी एखाद्याचा हात यंत्रात गेला, कान निकामी झाले, मधुमेहाने दृष्टी गेली किंवा सिकलसेलच्या दुखण्याने महिन्यातून चार दिवस अंथरूण धरावं लागलं, तर पहिला प्रश्न असतो दवाखान्याचा. दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो. नोकरी राहील का?

"उद्यापासून येऊ नको", "राजीनामा लिहून दे, हिशेब करून टाकू", "तुला प्रमोशन देऊन काय करणार" अशी वाक्यं अनेकांना ऐकावी लागतात. त्यातले बहुतेक जण गप्प बसतात. वकील म्हणजे खर्च आणि कोर्ट म्हणजे नागपूरच्या चकरा, असं त्यांना वाटत असतं.

प्रत्यक्षात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. शिवाय काही दारं अशी आहेत, जिथे वकिलाची गरजही नाही आणि फीही नाही. ती दारं कोणती आणि कुठल्या क्रमाने ठोठवायची, ते समजून घेऊ.

आधी हे तपासा: याला कायद्याने 'भेदभाव' म्हणतात का?

देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने यातला एक प्रकार फार महत्त्वाचा आहे. तो म्हणजे सिकलसेल आजार. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही या यादीत आहेत. म्हणजे व्हीलचेअर किंवा पांढरी काठी दिसली तरच माणूस दिव्यांग, असं कायदा मानत नाही. मानसिक आजार, स्वमग्नता, कमी दृष्टी, ऐकू न येणं, ॲसिड हल्ल्यातली इजा हेही त्यात येतं. मात्र सिकलसेलचा केवळ वाहक असणं आणि सिकलसेलचा रुग्ण असणं यात फरक आहे. नुसत्या वाहकाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

कायद्यानुसार भेदभाव दोन प्रकारे होतो. पहिला उघड असतो. दिव्यांग आहे म्हणून नोकरी नाकारणं, बढती नाकारणं, काढून टाकणं. दुसरा प्रकार अनेकांना माहीतच नसतो. कामासाठी लागणारी 'वाजवी सोय' नाकारणं हाही भेदभावच आहे.

वाजवी सोय म्हणजे काय? कामाच्या जागेत किंवा पद्धतीत केलेला असा बदल, ज्याने त्या व्यक्तीला काम करता येईल आणि मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही. उदाहरणार्थ, पायाने अधू असलेल्या लिपिकाचं टेबल दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणं. दृष्टी कमी झालेल्याला संगणकावर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर देणं. सिकलसेलच्या रुग्णाला रात्रपाळी आणि भर उन्हातल्या कामातून वगळणं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार या सोयीचा खर्च कर्मचाऱ्याकडून, पूर्ण किंवा थोडाही, वसूल करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात हा मुद्दा ठळकपणे मांडला. याचिकाकर्त्याला हाताच्या दुखण्यामुळे स्वतः लिहिता येत नव्हतं आणि त्याला परीक्षेसाठी लेखनिक हवा होता. आयोगाचं म्हणणं होतं की ४० टक्के दिव्यांगत्व असेल तरच सोय मिळेल. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. समान वागणूक आणि वाजवी सोय यांचा हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर?

वीज केंद्र आणि खाणींच्या पट्ट्यात हा प्रश्न सर्वाधिक येतो. कायद्याचं कलम २० इथे कामाला येतं.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. तो आधीचं काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल, तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावं लागतं. दिव्यांगत्व कामावरच्या अपघातातून आलं की घरी आजारपणातून, याने फरक पडत नाही.

'सरकारी आस्थापना' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. त्यात सरकारी कार्यालयं आणि जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थांबरोबर सरकारी मालकीच्या कंपन्याही येतात. म्हणजे महानिर्मिती आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या दोन्ही कंपन्यांच्या कायम कर्मचाऱ्यांना हे कलम लागू आहे.

हा हक्क नवा नाही. १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात पाय गमावलेल्या जवानाच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून नोकरी टिकवण्याची जबाबदारी संपत नाही. २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका एसटी चालकाचं प्रकरण आलं. रंगांधळेपणामुळे त्याला घरी बसवण्यात आलं होतं. त्याला योग्य पर्यायी काम द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पर्यायी काम खरोखर शोधलं का, हे मालकाने दाखवायला हवं, हा या निकालाचा गाभा आहे.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. दबावाखाली 'स्वेच्छेने' राजीनामा किंवा वैद्यकीय कारणाने निवृत्तीचा अर्ज लिहून देऊ नका. एकदा सही झाली की "आम्ही काढलं नाही, तो स्वतः गेला" असा बचाव मालकाला मिळतो. सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. तो फुकट मिळतो.

खासगी कंपनी किंवा कंत्राटदाराकडे काम करत असाल तर?

इथे कायदा थोडा दुबळा आहे, पण हात रिकामे नाहीत. कलम २० चं थेट संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. कलम ३ मात्र सर्वसाधारण आहे. दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुणाशीही भेदभाव करता येत नाही. रास्त उद्देशासाठी आणि त्या प्रमाणातच ती कृती होती, हे दाखवता आलं तरच तिला सूट आहे.

कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेला, खासगीलासुद्धा, समान संधी धोरण तयार करून जाहीर करावं लागतं. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर त्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी, त्यांच्यासाठी योग्य पदं आणि संपर्क अधिकारी यांची माहिती असणं बंधनकारक आहे. अनेक छोट्या कंत्राटदारांकडे असं काही नसतं. तक्रारीत तो मुद्दा तुमच्या बाजूने वापरता येतो.

कंत्राटी कामगाराने तक्रार करताना कंत्राटदार आणि ज्या कंपनीच्या आवारात काम चालतं ती मूळ कंपनी, दोघांनाही पक्षकार करावं. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोफत वकील कोणाला मिळतो?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र असलेल्यांची यादी आहे. दिव्यांग व्यक्ती त्यात आहेत. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

इथे एक बारकावा आहे. या कलमात दिव्यांगत्वाची व्याख्या १९९५ च्या कायद्यावरून घेतलेली आहे आणि त्या कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती' ठरण्यासाठी ४० टक्क्यांची अट होती. त्यामुळे प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी आकडा असेल किंवा प्रमाणपत्रच नसेल, तर कार्यालयात अडवणूक होऊ शकते. तसं झालं तर मागे फिरू नका. त्याच यादीतले बाकीचे गट बघा:

• सर्व महिला, उत्पन्न कितीही असो.
• अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्ती, उत्पन्न कितीही असो.
• औद्योगिक कामगार.
• महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असलेली कोणतीही व्यक्ती.

समजा, एका कंत्राटी कामगाराला ३० टक्के दिव्यांगत्व आहे आणि पगार महिन्याला १५ हजार आहे. त्याचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार होतं. दिव्यांग म्हणून अडवलं, तरी उत्पन्नाच्या निकषावर आणि औद्योगिक कामगार म्हणून तो पात्र ठरतो. अर्जात लागू होणारे सगळे गट लिहावेत.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

ऊर्जानगरच्या रहिवाशांसाठी सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचं काम सचिव पाहतात. सचिवसुद्धा न्यायाधीशच असतात. गडचिरोलीतही जिल्हा न्यायालयात असंच कार्यालय आहे. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. त्यामुळे दूरच्या तालुक्यातल्या माणसाने पहिल्याच दिवशी जिल्ह्याचं ठिकाण गाठलं पाहिजे असं नाही.

जाणं शक्य नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक आहे. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. गावातल्या सामायिक सेवा केंद्रातून 'टेली-लॉ' सेवेखाली फोनवर किंवा व्हिडिओवर वकिलाचा सल्ला घेता येतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगून कार्यालयातल्या माणसाकडून लिहून घेता येतो. सोबत आधार कार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड, जात किंवा उत्पन्नाचा पुरावा आणि नोकरीची कागदपत्रं जोडावीत. उत्पन्नासाठी अनेकदा शपथपत्र पुरतं. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा, असा नियम आहे. अर्ज नाकारला तर त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मोफत मदतीत काय काय येतं? वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज आणि याचिका तयार करणं, टंकलेखन, कागदपत्रांचं भाषांतर, निकालाच्या प्रमाणित प्रती. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून वेगळे पैसे मागणं नियमाविरुद्ध आहे. तसं झालं तर सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा.

प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचं असेल, तर नागपूर खंडपीठासाठी वेगळी विधी सेवा उपसमिती आहे. तिथला अर्ज चंद्रपूरच्या कार्यालयातून पाठवता येतो. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, पण वकील शोधण्यासाठी तिथे चकरा मारायची गरज नाही.

वकिलाशिवाय कुठे दाद मागता येते?

कोर्टात जाण्याआधी चार पायऱ्या आहेत आणि चारही जवळपास बिनखर्चाच्या आहेत.

पहिली पायरी: लेखी मागणी. तोंडी विनंतीला पुरावा नसतो. साहेबांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्ज लांबलचक नको. एवढं पुरतं:

"मी अमुक विभागात अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करतो. मला अमुक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. सध्याच्या कामात मला अमुक अडचण येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मला अमुक सोय मिळावी. विनंती नाकारायची असल्यास कारणं लेखी कळवावीत."

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण हा पुढच्या प्रत्येक पायरीवरचा सगळ्यात मोठा पुरावा असतो.

दुसरी पायरी: तक्रार निवारण अधिकारी. कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत असा अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्याने चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येतं. अधिकारी कोण आहे हेच कुणी सांगत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, समान संधी धोरणाची प्रत आणि दिव्यांगांच्या पदांची माहिती मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

तिसरी पायरी: दिव्यांग आयुक्त. ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पायरी आहे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही आणि ती टपालानेही पाठवता येते.

पण कुठल्या आयुक्तांकडे जायचं, इथे गल्लत होते. महानिर्मिती ही राज्य सरकारची कंपनी आहे. तिच्यासंबंधीची तक्रार पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाईल. जिल्हा परिषद, महापालिका, राज्य सरकारची कार्यालयं आणि राज्यातल्या खासगी कंपन्या यांचंही तेच. वेकोलि ही केंद्र सरकारची कंपनी आहे. तिच्यासाठी, तसंच रेल्वे, टपाल खातं आणि राष्ट्रीयीकृत बँकांसाठी दिल्लीतले मुख्य दिव्यांग आयुक्त आहेत. एकाच वस्तीत शेजारी राहणाऱ्या दोन कामगारांचे अर्ज त्यामुळे वेगवेगळ्या शहरांत जातात. चुकीच्या दारात अर्ज पडला की महिने वाया जातात.

या पायरीची मर्यादाही माहीत असावी. आयुक्त शिफारस करतात. ती मानली नाही तर संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांच्या आत कारणं कळवायची असतात. कोर्टाच्या हुकुमासारखी तिची थेट अंमलबजावणी होत नाही आणि आयुक्तांना तात्पुरती स्थगिती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे उद्याच नोकरी जाणार असेल, तर आयुक्तांच्या उत्तराची वाट पाहू नका, थेट वकिलामार्फत कोर्टात स्थगिती मागा. मात्र आयुक्तांची अनुकूल शिफारस हातात असली की उच्च न्यायालयात बाजू भक्कम होते.

चौथी पायरी: कामगार यंत्रणा आणि युनियन. कामावरून काढलं असेल किंवा पगार अडवला असेल, तर कामगार आयुक्तालयात समेटाची तक्रार करता येते. खाण कामगारांसाठी केंद्रीय कामगार यंत्रणा आहे, बहुतेक इतर उद्योगांसाठी राज्याची. मान्यताप्राप्त युनियनचे वकील ठरलेले असतात आणि सभासदांना ते कमी फीमध्ये मिळतात.

इथे मुदतीकडे लक्ष द्या. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तक्रारीसाठी फक्त ९० दिवस दिले आहेत. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि अनेक जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. म्हणून आपल्या प्रकरणाला कुठली मुदत आणि कुठलं न्यायालय, हे पॅनेलवरच्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

कोर्टात जायची वेळ आली तर कुठलं कोर्ट?

हे तुमचा मालक कोण, यावर ठरतं.

• राज्य सरकारी कर्मचारी: महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, नागपूर खंडपीठ. साधारण एक वर्षाची मुदत.
• केंद्र सरकारी कर्मचारी: केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.
• महानिर्मिती, वेकोलि यांसारख्या सरकारी कंपन्या: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका. कामगार वर्गातल्या कर्मचाऱ्यांना औद्योगिक न्यायाधिकरणाचाही मार्ग असतो.
• खासगी कंपनी किंवा कंत्राटदाराचा कामगार: मुख्यतः कामगार कायद्यांखालची न्यायालयं.

सर्वांसमोर जाणीवपूर्वक अपमान करणं, दिव्यांगत्वावरून हिणवणं किंवा धमकावणं हा मात्र थेट गुन्हा आहे. कलम ९२ नुसार त्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड होऊ शकतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. कायद्याच्या इतर तरतुदी मोडल्या तर पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नंतरच्या प्रत्येक वेळी तो ५० हजार ते ५ लाखांपर्यंत जातो.

खासगी वकील करायचाच असेल तर?

काही जणांना ओळखीचा किंवा या विषयातला अनुभवी वकील हवा असतो. त्यात गैर काही नाही, फक्त आधी चार गोष्टी पक्क्या करा.

एकूण फी किती, ती तारखेनुसार की पूर्ण प्रकरणाची, हे लिहून घ्या. टंकलेखन, झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च त्यात आहे का, ते विचारा. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. आणि "जिंकलो तर मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या" असा सौदा कुणी मांडला तर सावध व्हा. भारतात वकिलांना असा हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

सगळं प्रकरण सोपवणं परवडत नसेल, तर फक्त नोटीस किंवा तक्रारीचा मसुदा लिहून घ्या आणि पुढचा पाठपुरावा स्वतः करा. आयुक्तांसमोरच्या प्रकरणात हा मार्ग चांगला चालतो. केंद्र सरकारच्या 'न्याय बंधू' योजनेत विनामोबदला काम करणाऱ्या वकिलांची नोंद आहे. विधी महाविद्यालयांची मोफत सल्ला केंद्रंही अर्ज लिहायला मदत करतात.

आजपासून कुठले कागद जमवायचे?

प्रकरणं अनेकदा कायद्यामुळे नाही, तर कागदाअभावी हरली जातात. कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र बहुतेक वेळा नसतंच. तेव्हा गेटपास, पीएफ पासबुक, ईएसआय कार्ड, बँकेत जमा झालेला पगार आणि हजेरीचे फोटो हेच नोकरीचे पुरावे ठरतात.

व्हॉट्सॲपवर आलेले "उद्यापासून येऊ नको" असे मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोनही जपा. साध्या वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं आणि तिथे कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा. प्रमाणपत्र नसेल तर युडीआयडीसाठी ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. आजार होता, पण मालकाला त्याची माहितीच नव्हती, हा बचाव त्याने मोडतो.

फिटनेसच्या तपासणीत 'अनफिट' शेरा मिळाला, तर त्या अहवालाची प्रत मागा. 'या कामासाठी अनफिट' आणि 'कुठल्याच कामासाठी फिट नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या शेऱ्यावर नोकरी संपत नाही, पर्यायी कामाचा हक्क सुरू होतो.

थोडक्यात काय करायचं?

राजीनामा देऊ नका. मागणी लेखी करा आणि शिक्का घ्या. १५१०० ला फोन करा किंवा चंद्रपूर, गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा कार्यालय गाठा. आपला मालक राज्याचा, केंद्राचा की खासगी, ते ठरवून पुण्याच्या किंवा दिल्लीच्या आयुक्तांकडे तक्रार पाठवा. नोकरी जायची वेळ जवळ आली असेल, तर आयुक्तांसाठी न थांबता मोफत वकिलामार्फत कोर्टात जा.

या सगळ्याला वेळ लागतो. अर्ज फिरतात, तारखा पडतात, काही अधिकाऱ्यांना हा कायदा वाचूनही दाखवावा लागतो. मात्र पहिला अर्ज लिहायला एक कागद आणि एक पेन पुरतं. आणि त्या अर्जावर पडलेल्या आवक शिक्क्याची तारीख पुढे कुठल्याही कोर्टात मोजली जाते.